धार्मिक कपाटातला महानाग

"या पुस्तकातला नाग बोलतो," असं म्हणून लुकतुके सरांनी ते पुस्तक टेबलावर ठेवलं आणि आपली खुर्ची वीतभर मागे घेतली.

हितचिंतक सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीची बैठक चालू होती. अकरा वर्षं झाली त्याला. पोहे येऊन गेले होते, चहा यायचा होता, आणि या दोहोंच्या मधल्या वेळात आमच्याकडे ठराव होत असत. लुकतुके सर निवृत्त विज्ञानशिक्षक. गावात कुणाच्या अंगात आलं की लोक सरांना बोलावून आणत, कारण सर नुसते समोर उभे राहिले तरी अंगातलं उतरतं, असा लोकांचा विश्वास होता. या विश्वासाचा सरांना फार मनस्ताप होई. जादूटोणाविरोधी कायदा तेव्हा नुकताच झाला होता आणि त्याची प्रत ते शबनममध्ये घालून हिंडत.

त्यांची तक्रार अशी होती, की किशोर विभागासाठी घेतलेल्या 'सातव्या पंखाची शपथ' या अनुवादित कादंबरीत पान एकोणीसवर मंत्र आहे, पान चाळीसवर मांत्रिक आहे आणि पान त्रेपन्नपासून पुढे एक महानाग आहे, जो उडतो, बोलतो आणि न मागता सल्ले देतो. शासनानं एका हातानं कायदा करायचा आणि वाचनालयानं दुसऱ्या हातानं पोरांना मांत्रिक वाटायचा, हे कुठल्या शास्त्रात बसतं? पुस्तक निवडलं कुणी, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

निवडलं होतं अनुसया गवंडीनं. ती आमची ग्रंथपाल. दाराशी हजेरीचं रजिस्टर छातीशी धरून उभी होती. दोन वर्षांच्या कच्च्या नेमणुकीवर होती आणि रोज बावीस किलोमीटरवरून एसटीनं यायची. दीड महिन्यानंतरच्या बैठकीत तिला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे ठरणार होतं. कायम झाली तर गावातच खोली घेणार होती. खोली पाहूनही ठेवली होती. ती येण्याआधी आमचा किशोर विभाग म्हणजे एक कपाट होतं. त्यात थोरांची चरित्रं होती आणि झुरळं होती. तिनं दोन्ही हलवून तिथं पोरं वाचतील अशी पुस्तकं भरली, आणि पोरं खरोखरच वाचायला येऊ लागली. कार्यकारिणीतल्या बऱ्याच जणांना ही गोष्ट खटकत होती. पोरं आली की आवाज होतो.

अध्यक्ष बापूसाहेब हुद्दार यांना वाद सोसत नसे. वाद निघाला की ते समिती नेमत, आणि समितीत शक्यतो एकच माणूस ठेवत, म्हणजे तिथंही वाद व्हायला नको. त्यांनी टेबलाभोवती नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबवली.

"देऊसकर सर, तुम्ही वाचून अहवाल द्या. तुमचं वाचन आहे."

मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होतो आणि कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत होतो. बापूसाहेब आमच्या कॉलेजच्या संस्थेवरही होते आणि आमची प्राचार्यांची खुर्ची मार्चपासून रिकामी होती. मी म्हटलं, वाचतो.

अनुसयानं माझ्या नावावर नोंद केली आणि पुस्तक देता देता हळूच विचारलं, "सर, शेवटपर्यंत वाचाल ना?"

मला ते लागलं. मी तिला सांगितलं, की मी पुस्तक नेहमी शेवटपर्यंतच वाचतो. खरं म्हणजे गेली सहा-सात वर्षं मी पुस्तकांना प्रस्तावना लिहीत होतो, त्यामुळे वाचायची वेळ फारशी येत नसे.

कादंबरी चारशे शहाऐंशी पानांची. मुखपृष्ठावर एक मुलगी हात वर करून उभी, तिच्या तळव्यातून निळा उजेड निघतोय आणि मागे सोनेरी महानाग डोक्यावर छत्र धरावं तसे पंख पसरून बसलेला. आत एकवीस प्रकरणं. अनुवादकाला प्रकरण हा शब्द हलका वाटला असावा, म्हणून त्यानं 'अध्याय' म्हटलं होतं. हे गृहस्थ कोण होते मला माहीत नाही, पण मुळातल्या प्रत्येक परदेशी प्राण्यासाठी आणि माणसासाठी त्यांनी आपल्याकडचा शब्द शोधून काढला होता. महानाग सांभाळणाऱ्या म्हातारीला ते 'माउली' म्हणत. ब्रीना नावाची सोळा वर्षांची नायिका धुक्यानं भरलेल्या शहरात राहते, संकट आलं की "हे माउली, मला पंख दे" असं म्हणते आणि मग दीड पान वीज चमकते.

पहिली शंभर पानं मी पेन्सिल हातात घेऊन वाचली आणि समासात बारीक अक्षरात खवचटपणा केला. ब्रीनाचे डोळे तेरा पानांत चार रंगांचे झाले होते. खलनायक दर वेळी खिडकीकडे पाठ करूनच बोलायचा. महानाग सकाळी भेटला की "सुप्रभात" म्हणायचा. मला फार बरं वाटत होतं. दुसऱ्याच्या चुका वाचताना येणारी एक प्रसन्नता असते, ती प्राध्यापकांना विशेष मानवते.

मग केव्हातरी पेन्सिल खाली राहिली. शहराला वाचवण्यासाठी ब्रीना महानागावर बसते, आणि ती बसली की दर वेळी शहरातला एक माणूस तिला विसरतो. आधी पाववाला विसरतो. मग शाळेतली मैत्रीण. ती कुणाला सांगू शकत नाही, कारण ज्याला सांगावं तो उद्या विसरणार. मी ताशी तीस पानांच्या वेगानं वाचू लागलो. अठरावा अध्याय मी स्टाफरूममध्ये ऑफ पिरियडला वाचला. ब्रीना जखमी होऊन घरी येते, दार वाजवते, आई दार उघडते, आणि म्हणते, "आपल्याला कोण हवंय?"

मूळ भाषेत काय असेल कोण जाणे. पण आईच्या तोंडी 'आपल्याला' घालणं, ही गोष्ट त्या अनुवादकानं चारशे शहाऐंशी पानांत एकदाच केली होती आणि ती अशी केली होती, की मी पुस्तक मिटून पंख्याकडे बघत बसलो. इतिहासाच्या कुळकर्णीबाईंनी विचारलं, डोळ्यांत काही गेलं का. मी म्हटलं, खडूची धूळ.

म्हणजे मला ते पुस्तक आवडलं होतं. नुसतं आवडलं नव्हतं, आईला सोळा वर्षांची मुलगी शेवटी आठवते की नाही, यासाठी मी बीएच्या दुसऱ्या वर्षाचा तास बुडवला होता. हे अहवालात लिहायला जागा होती. अहवाल अकरा पानांचा झाला.

पण अहवाल लिहायला बसल्यावर समोर ब्रीना नसते, बापूसाहेब असतात. पुस्तक चांगलं म्हणावं, तर लुकतुके सर दुखावणार आणि वर्तमानपत्रात पत्र लिहिणार. त्या पत्रात माझं नाव येणार. वाईट म्हणावं, तर मुलीची नोकरी जाणार. मी दोन्ही टाळून लिहिलं. 'एकीकडे' हा शब्द चौदा वेळा आला आणि 'दुसरीकडे' हा तेरा वेळा. एक एकीकडे तसंच लोंबकळत राहिलं. लोककथा, मिथक, बालमानस, वैज्ञानिक दृष्टिकोन, सगळ्यांना पानपानभर जागा दिली. आणि शेवटी, अकरा पानं सभ्यपणे लिहिल्याचा शीण आला म्हणून असेल, मी एक विनोद केला: 'सदर ग्रंथातील अद्भुत घटनांचे स्वरूप पाहता तो किशोर विभागाऐवजी, जेथे अशा घटनांना परंपरेने हरकत घेतली जात नाही अशा धार्मिक विभागात ठेवण्याबाबत विचार व्हावा.'

हे वाचून बापूसाहेब हसतील, लुकतुके सर तर नक्कीच हसतील, आणि हसण्यात विषय संपेल, असा माझा हिशोब होता. पुढच्या बैठकीत बापूसाहेबांनी अहवालाचा शेवटचा परिच्छेद मोठ्यानं वाचला. कुणी हसलं नाही. लुकतुके सर म्हणाले, पोरांच्या हातून गेलं ना, मग त्यांचं काही म्हणणं नाही. धार्मिक कपाटातली माणसं त्यांनी केव्हाच सोडून दिली आहेत. अहवाल सर्वानुमते मंजूर झाला. चहा आला.

आता, ज्यांनी कार्यकारिणीत आयुष्य घालवलंय त्यांना माहीत असतं, की 'विचार व्हावा' म्हणजे काहीही होऊ नये. आमच्याकडे १९७८ साली जिना दुरुस्त करण्याबाबत विचार व्हावा असं ठरलं होतं, आणि जिना अजून तसाच आहे. अनुसयाला हे ठाऊक नव्हतं. तिनं ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली होती. त्यात हे शिकवत नाहीत. दुसऱ्या दिवशी ती कॉलेजच्या फाटकापाशी माझी वाट पाहत उभी राहिली आणि तिनं विचारलं, की मग पुस्तक धार्मिकमध्ये ठेवू ना?

मला तासाला उशीर झाला होता. शिवाय आपला विनोद आपल्यालाच समजावून सांगावा लागणं याइतकं कंटाळवाणं काही नाही.

"त्यात विचारायचं काय, गवंडी मॅडम," मी म्हटलं आणि निघालो.

तिनं ते ठेवलं. लाल कापडात बांधलेल्या पोथ्यांच्या शेजारी, मुखपृष्ठ बाहेर करून, कारण तिला पुस्तकं नीट दिसतील अशी ठेवायची सवय होती.

धार्मिक कपाटाच्या मुख्य वाचक म्हणजे इंदूताई हुद्दार, बापूसाहेबांच्या सौभाग्यवती. त्यांच्याकडे दर गुरुवारी दुपारी बायका वाचनाला बसत. मुखपृष्ठावर वरद हस्त, मागे छत्र धरलेला नाग, आत एकवीस अध्याय, तिसऱ्याच पानावर "हे माउली". इंदूताईंनी ते पुस्तक पिशवीत घातलं, यात त्यांचं काय चुकलं ते मला अजून सांगता येत नाही. रोज तीन याप्रमाणे सात दिवसांत एकवीस अध्याय बरोबर बसत होते. पहिला सप्ताह झाला आणि कुणाच्यातरी जावयाची गडचिरोलीला झालेली बदली रद्द झाली. त्यानंतर पुस्तकाला नंबर लागले.

मला हे कळलं ते वाचनालयात वर्तमानपत्र चाळायला गेलो तेव्हा. इंदूताई पुस्तक परत करत होत्या आणि मागे दोन बायका ते घ्यायला उभ्या होत्या. मी जरा मिस्किलपणे विचारलं, की वहिनी, ही कादंबरी आहे, माहीत आहे ना?

"कादंबरी आहे हे कळतं हो भाऊजी, आम्ही काही खुळ्या नाही," त्या म्हणाल्या. "पण ती आई दारात उभी राहून आपल्याला कोण हवंय म्हणते ना, तिथं आम्ही अकरा जणी रडलो. एवढं रडू येतं ते पुस्तक मग कुठं ठेवायचं? देवापाशीच ठेवायचं."

माझ्या अकरा पानांत याच्या जवळपास जाणारं एकही वाक्य नव्हतं. मी वर्तमानपत्र उघडलं.

लुकतुके सरांना कळायला फार वेळ लागला नाही. त्यांनी कपाटातून पुस्तक काढून झटकलं तेव्हा त्यातून अक्षता पडल्या. मुखपृष्ठावरच्या महानागाच्या कपाळाला हळदकुंकू होतं. सर तिथल्या तिथं बाकावर बसले, म्हणे. आयुष्यभर ज्या गोष्टीशी ते लढले होते, तिच्यात आतापर्यंत निदान देव तरी जुना असायचा. हा तर त्यांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्याच तक्रारीतून निघाला होता.

म्हणून नेमणुकीच्या बैठकीत पहिला विषय पुस्तकाचा निघाला. बापूसाहेब त्या दिवशी घामेघूम झाले होते. अंधश्रद्धा पसरली होती हे उघड होतं, आणि ती त्यांच्याच दिवाणखान्यात पसरली होती. बायकोचं नाव इतिवृत्तात येणं शक्य नव्हतं. पुस्तकाला दोष द्यावा, तर घरी जेवायला जायचं होतं. राहता राहिलं कपाट. त्यांनी अनुसयाला आत बोलावलं.

"हे पुस्तक धार्मिक विभागात कुणी ठेवलं?"

"मी ठेवलं," अनुसया म्हणाली.

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"अहवालात होतं. आणि देऊसकर सरांना विचारलं होतं मी."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तिनं पाहिलं नाही. तिला वाटत होतं, त्याची गरज नाही. मला एक वाक्य बोलायचं होतं. हो, मीच सांगितलं, चूक माझी. ते बोललो असतो तर दहा मिनिटं हसं झालं असतं आणि अकराव्या मिनिटाला ती कायम झाली असती. बापूसाहेब माझ्याकडे बघत होते, आणि ज्या नजरेनं ते बघत होते, त्याच नजरेनं पुढच्या आठवड्यात ते प्राचार्यपदाच्या अर्जांकडे बघणार होते.

"अहवालात विचार व्हावा, असं म्हटलं होतं," मी म्हणालो. "ठेवावं, असं म्हटलेलं नाही."

"आणि या तुम्हाला विचारायला आल्या तेव्हा?" लुकतुके सरांनी विचारलं.

"तेव्हा मी म्हणालो, त्यात विचारायचं काय."

"म्हणजे?"

"म्हणजे ज्याचा कार्यकारिणीनं अजून विचारच केलेला नाही, ते मला काय विचारायचं. अशा अर्थानं."

व्याकरणदृष्ट्या त्यात काही चूक नव्हती. बापूसाहेबांनी समाधानानं श्वास सोडला. अनुसया मात्र आता माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. पुस्तकाचं मधलंच पान गायब दिसलं की वाचक जसा मागचा पुढचा आकडा पुन्हा बघतो, तशी.

ठराव मांडला गेला, की परस्पर निर्णय घेण्याच्या वृत्तीमुळे ग्रंथपालांना सौजन्यपूर्वक कायम करण्यात येऊ नये. हात वर झाले. माझाही झाला, एकट्याचा खाली राहिला असता तर दिसला असता. पण एकट्याचा खाली राहिला, तो लुकतुके सरांचा. ते उभे राहिले आणि म्हणाले, की त्यांचं भांडण पुस्तकाशी होतं, मुलीशी नव्हतं. ही मुलगी पुस्तकं वाचून निवडते. या टेबलाभोवती वाचणारं दुसरं कोण आहे? मग त्यांनी शबनम खांद्याला लावली, कार्यकारिणीचा राजीनामा पोह्यांच्या बशीखाली ठेवला आणि ते त्या दुरुस्त न झालेल्या जिन्यानं कठडा धरून उतरून गेले. वर्षभर मी ज्यांच्या नकला करून स्टाफरूम हसवत होतो, ते हे गृहस्थ.

प्राचार्यपद मला मिळालं नाही. ते बापूसाहेबांच्या भाच्याला मिळालं. बापूसाहेबांनी मला सांगितलं, की माझ्या नावाचाही विचार झाला होता.

अनुसयाकडून पुस्तकांचा ताबा घ्यायला कार्यकारिणीतला कुणीतरी लागत होता. बाकी सगळ्यांना कामं होती. दोन दिवस लागले. ती दाखल क्रमांक वाचायची, पुस्तक दाखवायची, मी यादीवर खूण करायचो. कामापुरतं बोलायची आणि 'सर' म्हणायची. खोलीचं काय केलं, असं मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही धार्मिक कपाटापाशी पोचलो. तिनं 'सातव्या पंखाची शपथ' बाहेर काढलं, ओढणीच्या टोकानं महानागाच्या कपाळावरची हळद पुसली आणि क्रमांक वाचला. मी खूण केली. तिनं पुस्तक लगेच बाजूला ठेवलं नाही.

"सर, तुमचा अहवाल मी दोनदा वाचला," ती म्हणाली. "अकराही पानं. सगळं आलंय त्यात. फक्त तुम्हाला आवडलं का, ते कुठं सापडलं नाही."

वाचनालयात आम्ही दोघंच होतो. बापूसाहेब नव्हते, लुकतुके सर नव्हते, इतिवृत्त लिहायला कुणी नव्हतं. तिची नोकरी गेली होती आणि माझी बढती तिच्यामागोमाग गेली होती. आता खरं बोलण्यात कुणाचं काही जाणार नव्हतं. मी तोंड उघडलं. स्टाफरूममधला तो पंखा, बुडवलेला तास, दारात उभी असलेली ती आई, सगळं जिभेवर आलं होतं.

"वाचनीय आहे," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. यादीत शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. त्यात पुस्तकाची अवस्था लिहायची असते, चांगली, जीर्ण, पान गहाळ, असं. तिनं पेन घेतलं, त्या रकान्यात 'वाचनीय' एवढंच लिहिलं आणि यादी माझ्याकडे फिरवून, सही कुठं करायची त्या जागेवर बोट ठेवलं.